व्हायोलिनच्या खालचं

"व्हायोलिन कुठायत, मेरिन?"

दिग्दर्शक विन्कोनं विचारलं, तेव्हा कुठे मेरिनच्या लक्षात आलं. पडद्यावर ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन बंदराचा धक्का होता, धक्क्यावर नवऱ्याच्या बोटीची वाट बघणारी बाई होती, आणि संगीताच्या जागी नुसती एक जाड घरघर. सकाळी काम करताना तिनं व्हायोलिनचा ट्रॅक बंद केला होता, तो चालू करायचाच राहिला. इतकी वर्षं जाहिराती केल्यावर हा पहिला सिनेमा हाती आला होता, आणि दिग्दर्शकाला ऐकवायच्या दिवशीच हा घोळ!

दिग्दर्शकांची एक खोड असते. कुठल्या तरी गाजलेल्या सिनेमाचं संगीत आपल्या चित्रांवर तात्पुरतं चिकटवायचं आणि संगीतकाराला म्हणायचं, अस्संच दे, पण हे नको. मेरिन यात तरबेज होती. सिंथेसायझरवर ती अख्खा वाद्यवृंद उभा करी आणि भलेभले फसत. फक्त प्रत्येक कामात, अगदी साबणाच्या जाहिरातीतही, ती तळाशी ही घरघर ठेवून द्यायची, कुणाला कळणार नाही इतकी हळू. ती तेवढी तिची स्वतःची.

"थांब, लावते." तिनं घाईघाईनं बटणाकडे हात नेला.

"हात काढ!" विन्को ओरडला. "पहिल्यापासून लाव. असंच."

बाई पुन्हा धक्क्यावर आली. विन्को खुर्ची पुढे ओढून बसला. त्याचे बाबा ट्यूना मासे पकडायला समुद्रावर जायचे. वाट बघणं त्याच्या घरचंच होतं.

"हे आहे तरी काय?" शेवटी त्यानं विचारलं.

"बर्फ फोडायचं यंत्र. बर्फाच्या कारखान्यात माझे बाबा चालवायचे. कारखाना बंद पडायच्या आधी त्याचा आवाज टेप करून ठेवला होता. तोच सिंथेसायझरवर ताणून लांबवलाय."

"आणि मला आजवर व्हायोलिन विकत होतीस? लबाड!"

"तूच मागत होतास की!"

"मी मूर्ख आहे. तू तरी ऐकायचं नव्हतंस माझं."

मेरिनला हसू आलं आणि डोळेही भरले. व्हायोलिन त्या दिवशी गेली ती गेलीच.

गावच्या हॉलमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला, तेव्हा शेजारच्या खुर्चीत तिची आई, बेरिल, कुरकुरत बसली होती. "माझे कान गेलेत, मला कशाला आणलंस? घरी विणत बसले असते."

त्यांचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. यंत्र चाले तेव्हा कपाटातल्या बश्या थरथरत. संध्याकाळी यंत्र थांबलं की बेरिल चहाचं पाणी ठेवी, आणि चहा मुरेपर्यंत मेरिनचे बाबा, क्लेम, ओल्या बुटांनी दारात हजर.

धक्क्याचा प्रसंग आला. घरघरीनं जमीन हलली, खुर्च्या हलल्या. बेरिलनं कुरकुर थांबवली आणि खुर्चीच्या दांडीवर हात सपाट ठेवला. मेरिन पडद्याकडे न बघता त्या हाताकडेच बघत राहिली.

मग घरघर थांबली. बेरिल पर्स सावरत उठायला लागली.

"आई, अजून संपलं नाही. कुठे निघालीस?" मेरिननं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

बेरिल क्षणभर गोंधळली, मग हळूच खाली बसली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "चहा टाकायला."