न दिसणारा व्यायाम

ओलिव्हेराचा आजार शोधायला बारा वर्षं लागली. काढायला तीन तास पुरले. मधल्या काळात एका डॉक्टरांनी तिला लग्न कर म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मूल होऊ दे म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्यांनी, लग्न झालेलं आहे हे पाहून, नसा कमकुवत असल्याचं लिहून दिलं. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, हा शब्द चौथ्यांच्या तोंडून निघाला तेव्हा ती सात नंबरची शहर-बस नऊ वर्षं चालवत होती, आणि पाळीच्या दिवसांत स्टिअरिंग असं आवळून धरायची की प्रवाशांना वाटायचं, बाईचा रस्त्यावरच राग आहे.

आजाराचं खरं कारण तिच्या सासूबाईंना, स्तानोयकाबाईंना, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "लहानपणी गार सिमेंटवर बसली असणार ही." मोराव्हा नदीकाठच्या त्या शहरात बायकांच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ कुठल्या तरी गार पायरीपाशी सापडतं. उरलेली निम्मी समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांमधून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे होतात.

ऑपरेशनला सहा आठवडे झाल्यावर ओलिव्हेरा इस्क्रा नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेली. इस्क्राने तपासलं आणि म्हणाली, "आवळायचं नाही."

"सगळे तर आवळायलाच सांगतात."

"तुम्ही बारा वर्षं दुखणं सोसत आवळूनच बसलाय. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दगड झालेत. हँडब्रेक ओढून गाडी चालवता का तुम्ही?"

"नाही."

"इथे तेच चाललंय. श्वास खालपर्यंत जाऊ द्या, पोट फुगू द्या, जबडा ढिला, आणि तळ सोडून द्या. दिवसातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं."

"सोडून द्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

"काही नाही."

काही न करण्याचा सल्ला ओलिव्हेराला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता, आणि तोही लेखी.

तिच्या हातात सहा आठवडे होते. त्यानंतर बस कंपनीचं वैद्यकीय मंडळ बसणार होतं. सात नंबरची फेरी दोन तासांची. दोन तास सलग, न दुखता बसता आलं तर ड्रायव्हरची सीट; नाही आलं तर तळघरातली हरवलेल्या वस्तूंची खोली. तिथे चारशे छत्र्या होत्या आणि त्यांना सांभाळणारी बाई गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. ओलिव्हेराला पुलावरचं वळण हवं होतं, जिथे सकाळी सगळी बस एकदम उजवीकडे कलते. छत्र्या नको होत्या.

पण घरात दहा मिनिटं एकांत मिळेना. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याने कॉफीचं पाकीट आणायचं आणि तीच कॉफी पिऊन जायचं, ही तिथली रीत. पाकिटांची चळत खिडकीपर्यंत पोचली. शेवटी ओलिव्हेराने पाहुण्यांतच व्यायाम सुरू केला. नाहीतरी दिसत काहीच नव्हतं.

"आत्ता करतेयस का गं?" सासूबाई दर दोन मिनिटांनी विचारायच्या.

"हो, आई."

"मग कर की. नुसती बसून काय राहिलीस?"

तिसऱ्या दिवशी शेजारची एक बाई म्हणाली, "आम्हालाही सांग बाई, शिंकलं की माझी पंचाईत होते." ओलिव्हेराने बजावून सांगितलं, की तुमचं दुखणं वेगळं, त्याला व्यायाम वेगळा, आधी तपासून घ्या. कुणी ऐकलं नाही. पाच बायका कपातली कॉफी निवू देत, तोंड अर्धवट उघडं टाकून, भिंतीकडे बघत बसल्या. तेवढ्यात ओलिव्हेराचा नवरा नेबोयशा कामावरून आला, दारातच थबकला आणि टोपी काढून हळूच म्हणाला, "कोण गेलं?"

असे सहा आठवडे गेले. न दुखता बसणं आधी वीस मिनिटांवर गेलं, मग तासावर, मग दीड तासावर. दीड तासाच्या पुढे तिने मोजलं नव्हतं, कारण त्याहून जास्त वेळ कुणी तिला बसूच दिलं नव्हतं.

मंडळाच्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन साडेसातला पोचली. व्हरांड्यात शिरताच रीतीप्रमाणे विचारलं, "शेवटचं कोण?" मिलुंका नावाची एक जाडजूड बाई कुणी न सांगताच यादी सांभाळत होती. विजेच्या बिलाच्या मागे नंबर, नाव आणि आल्याची वेळ. "तू नववी," ती म्हणाली. धड खुर्ची एकच होती. ओलिव्हेरा तिच्यावर बसली. आत बोलावलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

आत तीन डॉक्टर होते. तिघांचेही जबडे घट्ट.

"व्यायाम करता?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत्ताही करतेय."

"करून दाखवा."

ओलिव्हेराने श्वास खाली सोडला.

"हं, सुरू करा."

"झाला."

अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. तिसरे खाली वाकून टेबलाखाली बघून आले. नोंद झाली: 'रुग्ण स्वस्थ बसते.'

"याने काही सिद्ध होत नाही," अध्यक्ष म्हणाले. "दोन तासांची चाचणी आमच्या खुर्चीवर लागते. खुर्ची दुरुस्तीला गेलीय. नोव्हेंबरात या. तोवर छत्र्या."

ओलिव्हेराच्या ओटीपोटात जुना हँडब्रेक खाडकन ओढला गेला. तिने जबडा सैल केला. एक श्वास. दुसरा. ब्रेक सुटला.

"साहेब, मी बाहेर साडेसातपासून बसलेय."

"साक्षीदार?"

"सासूबाई."

"नातलग चालत नाहीत."

"मग यादी आहे."

त्या देशात मंत्रालयाच्या कागदावर कुणीही शंका घेतो. रांगेच्या यादीवर शंका घेणारा व्हरांड्यातून धड घरी पोचत नाही. मिलुंकाला आत बोलावलं.

"नऊ नंबर," तिने वाचून दाखवलं. "सात वाजून एकतीस मिनिटं."

"मधे उठल्या का या?"

"एकदा सुद्धा नाही. डोळ्यांत तेल घालून बघत होते. मला ती खुर्ची हवी होती."

"चेहरा वेडावाकडा? कण्हणं?"

"कसलं काय. दोघं यादीवरून हातघाईवर आले, एका बाईला भोवळ आली, ही जागची हलेना. मला वाटलं, आटोपली. म्हटलं चला, खुर्ची सुटली. तर मेलीचं पोट वरखाली होत होतं."

अध्यक्षांनी बिल दोन्ही बाजूंनी तपासलं आणि फायलीला जोडलं. 'बसण्यास पात्र. सोमवारपासून मार्ग सात.' सही झाली. शिक्का मात्र जिच्या कपाटात असतो ती बाई जेवायला गेली होती.

"बाहेर बसा," अध्यक्ष म्हणाले.

"किती वेळ?"

"आता तुम्हाला काय फरक पडतो?"

फरक खरंच पडत नव्हता. ओलिव्हेरा बाहेर आली आणि सासूबाईंना "सोमवारपासून" एवढंच म्हणाली. सासूबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. खुर्चीत एव्हाना मिलुंका बसली होती, मांडीवर नवा कागद घेऊन.

"शिक्क्याची रांग," ती म्हणाली. "तू दुसरी."

"पहिलं कोण?"

"मी."

"तुमचा कशाचा शिक्का, मावशी?"

"ते आत गेल्यावर कळेल," मिलुंका म्हणाली. "नंबर लागलेला बरा."