चहा पिणारं बोट

योकोहामात बसलेल्या चिआकीला आपली आई जिवंत आहे की नाही, हे एका पॉटवरून कळायचं. सुवा गावातल्या घरातला तो गरम पाण्याचा पॉट. आईने बटण दाबून चहाला पाणी घेतलं, की तिकडे लेकीच्या फोनवर ओळ उमटायची: ‘आईने आत्ता पाणी घेतले.’ साडेदहापर्यंत ओळ आली नाही, की लेकीचा जीव खालीवर. वसंतात दोनदा तिने थेट चौकीतला पोलीस घरी धाडला होता. पहिल्या वेळी आई, म्हणजे किनुएबाई, भाजीच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. दुसऱ्या वेळी गावच्या स्नानगृहात गळ्यापर्यंत गरम पाण्यात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ओल्या केसांनी पोलिसापुढे उभं राहायचं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

“आता तिसऱ्यांदा असं झालं ना, आई, तर मी तुला इकडे घेऊन येणार,” चिआकीने बजावलं. “खोली तयार आहे.”

होती हो खोली. नवव्या मजल्यावर, ऊन येणारी, दाराला उंबरासुद्धा नाही. पण त्या घरात सोल्डरिंगच्या सळईला मज्जाव होता. गेल्या हिवाळ्यात किनुएबाई सळई चालू ठेवून दारावर कुणाशी बोलत बसल्या, तातामीच्या चटईला नाण्याएवढा डाग पडला, आणि चिआकीने सळई उचलून नेली ती नेलीच. ज्या बाईने घड्याळाच्या कारखान्यात एकतीस वर्षं भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडल्या, तिला म्हणे आता सळई झेपत नाही! किनुएबाईंना हे इतकं लागलं, की त्यांनी त्यावर वाद घालायचंही सोडून दिलं. त्यांनी दुसरी वाट काढली.

गावच्या सार्वजनिक सभागृहात दर बुधवारी आणि शनिवारी खेळण्यांचा दवाखाना भरायचा. निवृत्त झालेली सात माणसं पांढरे कोट घालून बसायची आणि पोरांची मोडकी खेळणी फुकट दुरुस्त करून द्यायची. चेष्टा नव्हे, सगळं रीतसर. प्रत्येक खेळण्याचा केसपेपर निघायचा: पेशंटचं नाव, तक्रार, उपचार, शेवटी घरी सोडायचा पत्ता आणि डॉक्टरांची सही. दुखणं मोठं असेल तर पेशंट ॲडमिट. किनुएबाई लेकीला न सांगता तिथे रुजू झाल्या आणि महिनाभरात आडनावाने ‘मोमोसे डॉक्टर’ झाल्या.

राहिला प्रश्न पॉटचा: दवाखाना सकाळी नऊला उघडायचा, आणि दहाच्या चहाला त्या घरी नसायच्या. तर त्याच्यासाठी त्यांनी बोट बनवलं.

भंगारातल्या रिमोटच्या गाडीच्या दोन इवल्या मोटारी, जेवणाच्या काडीचे दोन तुकडे, टोकाला खोडरबर. एक काडी पॉटच्या कुलपाचं बटण दाबायची, दुसरी पाणी सोडायची. खाली पातेलं. हे कुणीही केलं असतं. खरी करामत पुढेच होती. चिआकी विमा कंपनीत, लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासणारी. दर वेळी ठोक्याला दहा वाजता चहा दिसला असता, तर तिने तिसऱ्या खेपेला पकडलं असतं. म्हणून हे बोट बुधवारी नऊ पन्नासला चहा घ्यायचं, शनिवारी दहा वाजून सातला. थंडी वाढली की दोनदा. असं पाच महिने चाललं होतं, आणि लेक खूश होती. “तब्येत छान दिसतेय हं तुझी,” असं म्हणायची. किनुएबाई फोन ठेवून खुदकन हसायच्या.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी त्यांच्यापुढे एक बॅटरीवर भुंकणारा कुत्रा होता. मागचा डावा पाय लुळा. त्याची मालकीण, कोहारू नावाची पाच वर्षांची मुलगी, बापाच्या मांडीवर बसून एकटक बघत होती. एवढ्यात दार सरकलं. आत चिआकी उभी. कोटाला धूळ, डाव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला, आणि रुमालावर रक्त.

किनुएबाईंच्या हातातली सळई जागच्या जागी थांबली. आईकडे न बघता चिआकी सरळ पहिल्या टेबलाशी गेली. तिथे दवाखान्याचे प्रमुख कोइके-सान बसले होते. आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केलेला, टक्कल पडलेला, देवमाणूस.

“या, या. पेशंट कोण?” त्यांनी कोरा केसपेपर पुढे ओढला.

चिआकीने पिशवीतून बोट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. “हा. चहा फार पितो.”

कोइके-सान वाकले. चष्मा कपाळावर चढवला. “अरे वा! काय काम आहे! एकेक टाका बघा कसा चकाकतोय. हा तर आमच्या मोमोसे डॉक्टरांचा हात!” आणि मग दोघींचे चेहरे बघून त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला.

“चिआकी, अगं हाताला काय झालं?” किनुएबाई उठल्या.

“काच लागली. तुझ्या स्वयंपाकघराची. इथला पत्ता शेजारणीने दिला.” आता ती आईकडे वळली. “आज सुट्टी काढून आले, तुला न सांगता. खायला शुमाई घेऊन आले तुझ्यासाठी. बेल वाजवते, हाका मारते, दार उघडत नाही. आणि फोन सांगतो, आईने आत्ता पाणी घेतले. मला काय वाटलं असेल? पॉटपासून दारापर्यंत दहा पावलं. त्या दहा पावलांत तू पडलीस!” तिचा आवाज फाटला. “काच फोडून शिरले. आणि आत कोण? हे! मजेत पाणी ओततंय पातेल्यात!”

“फक्त दवाखान्याच्या दिवशी लावते गं. एरवी माझी मीच...”

“आणि दवाखान्याच्या दिवशी वाटेत काही झालं असतं तर? तू मेली असतीस ना, आई, तरी याने मला सांगितलं असतं, आईने आत्ता पाणी घेतले. आणि मी तिकडे निवांत जेवले असते.”

किनुएबाईंकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. पोलिसाचं, सळईचं, नवव्या मजल्याचं. पाच महिने घोकून ठेवलेली. ती त्यांनी तिथेच सोडून दिली. यंत्र बंद पडलंय आणि काटा सगळं ठीक दाखवतोय, यापेक्षा वाईट दोष त्यांच्या कारखान्यात दुसरा मानत नसत. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घडवला होता, वर त्याचं कौतुकही केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “तुला कळू नये, एवढंच पाहिलं मी. तू घाबरशील, हे पाहिलंच नाही.”

अशी सरळ कबुली चिआकीला अपेक्षित नसावी. “रविवारी गाडी सांगते. सामान बांधून ठेव.”

“ते मग बघू. आधी हा कुत्रा. पोरगी तासभर बसलीय.” किनुएबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. “कोइके-सान, हिचा हात बघा जरा. आणि तू इकडे ये, दिवा धर.”

“मी दिवा धरू?”

“उजवा हात बरा आहे ना? मग धर.”

कोइके-सानांनी धुऊन पट्टी बांधली. माणसाची केस दवाखान्यात पहिलीच, असं पुटपुटले. चिआकीने मुकाट्याने दिवा धरला. आईला काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात घरच्यांना सोडत नसत, आणि घरी सळई दिसली की ती स्वतःच ओरडायची. किनुएबाईंनी लोकरीची शिवण उसवली, पायाच्या सांध्यातून तुटलेली तार चिमट्याने ओढून काढली, नखाने सोलली, आणि सळईचं टोक एकदाच, जेमतेम एकदाच टेकवलं. धुराची रेघ वर गेली. हात तसूभर हलला नाही.

कुत्रा भुंकला, चार पावलं चालला आणि टेबलाच्या कडेला येऊन बसला. कोहारूने त्याला असा काही कवटाळला, की तो तिच्या कुशीतच भुंकत राहिला.

किनुएबाई केसपेपर भरू लागल्या. चिआकीने शेजारची फाइल ओढली आणि ऑफिसातल्या सवयीने पानं उलटायला लागली. तारीख, तक्रार, उपचार, सही. तारीख, तक्रार, सही. एकशे अठरा केसपेपर आईच्या नावाचे. तिचं बोट एका ठिकाणी थांबलं.

“हा गाणारा मासा दोनदा ॲडमिट कसा?”

“पहिल्या वेळी मी चुकले. खाली लिहिलंय बघ.”

होतं लिहिलेलं. ‘मोटार उलटी जोडली. चूक मोमोसे यांची.’ चिआकीने आणखी पानं चाळली. असं आणखी तीन ठिकाणी होतं. तिच्या टेबलावरून वर्षाला हजार कागद जात. आपली चूक आपल्या हाताने लिहून खाली सही करणारी माणसं तिला किती भेटली असतील? मग तिने कोइके-सानांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढला.

“पेशंटचं नाव, किनुए मोमोसे,” ती मोठ्याने बोलत लिहू लागली. “वय चौऱ्याहत्तर. तक्रार, खोटं बोलते.”

“अगं, सगळ्यांसमोर!”

“पेशंटने बोलायचं नाही. उपचार. बोट काढून टाकावे. दवाखान्याच्या दिवशी पोचल्यावर एक आणि घरी परतल्यावर एक, असे दोन फोन लेकीला करावेत. इतर दिवशी पाणी स्वतःच्या हाताने घ्यावे. सळई परत द्यावी.” ती थांबली. “पण नवीन. विसरली तर आपोआप बंद होणारी.”

किनुएबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष कागदाच्या तळाशी होतं. तिथे एकच रकाना उरला होता, घरी सोडायचा पत्ता. चिआकीचं पेन त्या रकान्यावर येऊन अडलं. नववा मजला किनुएबाईंच्या डोळ्यांपुढे आला. तिथली स्वच्छ खोली, आणि त्या खोलीत दिवसभर रिकामे बसलेले आपले दोन हात. त्यांनी ते मांडीवर घट्ट धरून ठेवले.

पेन हललं. चिआकीने लिहिलं, सुवा. मग गल्ली, मग घराचा नंबर. त्याखाली बारीक अक्षरात: स्वयंपाकघराची काच आजच बसवून घ्यावी.

“डॉक्टरांची सही लागते इथे,” म्हणत तिने कागद आईकडे सरकवला.

कुत्र्याच्या पायात न हललेला हात आता मात्र हलला. सही तिरकी गेली, नावाचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर पडलं.

“नीट काढ,” चिआकी डोळे पुसत म्हणाली. “मी तपासणार आहे.”