इंग्रजीच्या तासाला गेलेलं मापटं

मी मापटं बोलतंय. धान्य मोजायचं, लोखंडी. आज डोकं फिरलंय माझं, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पारोळ्याच्या लोहाराने मला घडवलं. शोभाबाईच्या नवऱ्याला सुरतेत लूमवर काम लागलं, तेव्हा तिच्या भांड्यांबरोबर मी तिथल्या गोडादरा वस्तीतल्या खोलीत आलं. धान्य मोजताना शोभाबाई पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते. मग दोन, तीन. घरात बरकत राहावी म्हणून सगळा खानदेश असंच मोजतो.

तिची वर्षा सातवीत, मराठी शाळेत. इंग्रजीच्या मधुकर सरांनी 'मेनी' आणि 'मच' शिकवायला घरच्या वस्तू मागवल्या. वर्षाने मला नेलं, सोबत पिशवीभर तांदूळ. सर म्हणाले, इंग्रजीत तांदूळ मोजत नाहीत, म्हणून त्याला 'मच'. मी जन्मभर काय माशा मारल्या? पण मापटी मोजतात, त्यांना 'मेनी', असंही ते म्हणाले, म्हणून मी राग गिळला.

"हाउ मेनी?" सरांनी विचारलं. एरवी गप्प बसणारी वर्षा त्या दिवशी स्वतः हात वर करून पुढे आली. मला भरभरून ताटात ओतू लागली.

"लाभ, टू, थ्री, फोर."

सर हसले. ते हसले म्हणून वर्ग हसला. घरी हेच ऐकून वाढलेली पोरं ती, त्यांना हसायला काय झालं होतं? "इंग्रजीत कसला लाभ गं?" म्हणत सर फळ्याकडे वळले. मापटी चारच होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता पोरं तिला लाभबाई म्हणतात. इंग्रजीच्या तासाला ती पोट दुखतंय सांगून बाहेर बसते. मला न्यायलाही येत नाही. मी सरांच्या कपाटात खडूचे तुकडे सांभाळतंय.

परवा शोभाबाई शाळेच्या दारात आली होती. "मापटं कवय लयशी वं?" मी घरी कधी येणार, ते तिने लेकीला विचारलं.

"सरस्नं शिकाडनं चालू शे आजून," वर्षा खाली बघत म्हणाली. सरांचं ते शिकवणं कधीच संपलं होतं, खोटं बोलली बिचारी. आई शेजारच्या इंदुबाईचं मापटं मागायला गेली.

मधुकर सर, मला शिपायाकरवी घरी धाडू नका. खडू काढा, वर्षाला वर्गात हाक मारा, मला तिच्या हातात द्या आणि तिचं उत्तर बरोबर होतं म्हणून सांगा. हसला होतात सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोरच सांगा.