चिमणीच्या मालकीचं

चिमणी चौतिशीची होती, अंगानंही चांगली भरलेली, पण लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आकडे तिच्या डोक्यात टिकत नसत. म्हणून तिला सरकारकडून मिळणारा भत्ता आणि लॉन्ड्रीतला पगार तिच्या खात्यात जमा व्हायचा आणि ते खातं आई सांभाळायची. लॉन्ड्रीत चिमणी हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालायची.

"मला हॉटेलात झोपायचंय," एक दिवस तिनं जाहीर केलं. "त्या चादरींवर."

आई घरीच शिवणकाम करायची. मान वर न करता म्हणाली, "घरात पलंग आहे की."

"तो रोजचा आहे."

"बाळा, ते पैसे पुढच्यासाठी आहेत."

"पुढचं कधी येणार?"

आईनं मशीन जोरात चालवलं.

दरवर्षी बँकेत जाऊन चिमणीच्या खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत. या खेपेला तिथं नव्या बाई होत्या. त्या आईला सोडून थेट चिमणीशीच बोलल्या. "हे पैसे तुमचे. आई फक्त सांभाळतात. यातून जे घेतलं, ते तुमच्या मालकीचं."

"सगळं?"

"सगळं."

लेकीला कुणीतरी 'तुम्ही' म्हटलं, याचं आईला फार बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

"पंखा कुणाच्या पैशाचा?" दारातच चिमणीनं विचारलं.

"तुझ्या. तुला उकडायचं ना."

"फ्रिज?"

"तुझी औषधं ठेवायला घेतला."

आईला खोटं बोलता येत नसे, तिथंच सगळं अडलं. चिमणीनं शिवणाच्या डब्यातली लाल रिबीन काढली आणि आपल्या एकेका वस्तूला फुलाची गाठ मारत सुटली. पंखा, फ्रिज, टीव्ही, आरामखुर्ची. आईच्या वाट्याला शिलाई मशीन आणि स्टूल उरलं.

दुसऱ्या दिवशी आई आरामखुर्चीत टेकते न टेकते तोच आवाज आला, "विचारलंस?"

"अगं, पाठ दुखतेय माझी!"

"मग विचार. मी हो म्हणेन."

दुधासाठी विचारायचं, पंख्यासाठी विचारायचं. चिमणी प्रत्येक वेळी हो म्हणायची, पण आधी जरा विचार केल्यासारखं करायची. त्याचीच आईला जास्त चीड येई. शेवटी तीही इरेला पेटली.

"घर माझं आहे म्हटलं! भाडं दे."

चिमणीनं खांदे उडवले. "घे की. माझ्याच पैशातून घे. तूच सांभाळतेस ना?"

आईला हसू आवरेना. हसता हसता ती स्टुलावर बसली आणि समोरच्या त्या लाल फुलांकडे बघत राहिली. यातली एकेक वस्तू तिनंच ठरवून घेतली होती, लेकीच्या भल्यासाठी. चिमणीनं मागितलेली त्यात एकही नव्हती.

"कुठलं हॉटेल?" तिनं विचारलं.

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस आईकडे बघून म्हणाला, "यांना कुठला पलंग लागेल?"

"मला मोठा," चिमणी म्हणाली. "ही माझ्याबरोबर आलीय."

खोलीत शिरताच तिनं चादरीच्या काठावरची लॉन्ड्रीची खूण तपासली. "आमचीच!" मग बुटांसकट पलंगावर उडी मारली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळली.

सकाळी पलंगाची पार दशा झाली होती. आईचा हात आपसूक चादर सारखी करायला गेला.

"सोड!"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हणत. परवा ही चादर धुऊन माझ्याकडेच येणार आहे."

आई तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेली, तर तिथं लांबलचक टब. नळ सोडल्याचा आवाज आला, मग पाण्यात उतरल्याचा, आणि आई बाहेर यायचं नाव घेईना. तेवढ्यात फोन वाजला. काउंटरवरचा माणूस होता. "दुपारपर्यंत थांबणार असाल तर अर्धं भाडं जास्त पडेल. आईंना विचारून सांगता का?"

चिमणीनं बंद दाराकडे पाहिलं.

"त्या कामात आहेत," ती म्हणाली. "थांबतोय आम्ही."

आतून आईनं हाक मारली, "कुणाचा फोन गं?"

"माझ्यासाठी होता."