बाजेखाली निखारे

भागवतचा पहिला फटका विनोदच्या तोंडावर बसला, तेव्हा तनुजा आतल्या खोलीत दहा दिवसांच्या लेकीला पदरानं वारा घालत होती. लेकीच्या अंगभर घामोळं. डोक्यावर नवा एसी घुरघुरत होता आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी धगधगत होती. सासूनं, तारामतीनं ठेवलेली. बाळंतिणीला शेक हवाच; पण नवऱ्यानं, भागवतनं हौसेनं एसी आणलेला, त्याला कळता कामा नये. कुणाची चाहूल लागली की शेगडी मोरीत. मग खोली थंड होत नाही म्हणून एसी बसवणाऱ्या मेस्त्रीला, विनोदला बोलावणं.

"दीड टन सांगून एक टनाचा ठोकलास व्हय रे?" भागवत अंगणात ओरडत होता.

"दीड टनच हाय, मालक." विनोदनं रक्त थुंकलं. "दीड टन बर्फ चोवीस तासांत वितळवाया जितकी उष्णता लागती, तितकी हे रोज भाईर फेकतंय. मोजलं म्या. मशीनीत जाणारी हवा तेहतीस डिग्री, भाईर येणारी एकवीस. मशीन काम करून राहिलंय. खोलीतच कुठंतरी आग हाय."

"मला अक्कल शिकवतो?"

भागवतनं त्याचा उजवा हात पायरीवर दाबला, मनगटावर पाय दिला आणि त्याच्याच पिशवीतला लोखंडी पाना हाणला. हाड मोडल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत आला.

"गप ऱ्हा," तारामती कुजबुजली. "मेस्त्री लई मिळतेत."

पाना पुन्हा वर गेला होता. तनुजानं लेकीच्या टाळूवर ओठ टेकले, तिला सासूच्या ओटीत टाकलं आणि शेगडी उचलली. शेगडीच्या तापलेल्या कानांना तळवे चिकटले. दात आवळून तिनं उंबरा ओलांडला आणि शेगडी नवऱ्याच्या पायांपुढं आदळली. निखारे उडाले.

"ही घ्या आग. तुमच्या आईनं पेटवलेली, म्या लपवलेली. आता आमच्या हातावर मारा."

भागवतनं दाराशी उभ्या आईकडं पाहिलं. मग तनुजाच्या कानाखाली काढली. "आधी तोंड शिवलं होतं का?"

ती पडली. तोंडात रक्ताची चव आली. दाराशी लेक टाहो फोडत होती. तनुजा उठली, सासूच्या ओटीतून लेक घेतली, भाजले तळवे वाचवत कोपराच्या खोबणीत धरली.

"वैनी, लेकराला मोकळ्या हवेत न्या," विनोद कण्हत म्हणाला.

"न्हेतेच. तुमी बी उठा, भाऊ." ती फाटकाकडं निघाली. "ऑटो थांबवू. विष्णुपुरीच्या दवाखान्यात दोघांचे हात दाखवू. आनि कुणी मोडला, कुणामुळं भाजला, ते म्या सांगते."

भागवतच्या हातात पाना तसाच होता. ती त्याच्या अंगाला घासून गेली आणि तिनं फाटक पायानं ढकललं.