डाव्या चाकाचं ओंगण

“मामा, हात नगा लावू. आधी फोटू काढू द्या.”

सृष्टी असं म्हणाली आणि श्रीमंत मामांनी पुढं केलेला हात तसाच मागं घेतला. घेतला तो पाठीशी नेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवला, पंगतीत पान वाढायच्या आधीच हात घालणाऱ्या पोराचा हात आई धरते तसा.

टेबलावर पुठ्ठ्याची पेटी उघडी होती. आत फोमच्या कुशीत दोन गिअरबॉक्स जुळ्या बाळांसारखे निजलेले. बाजूला चाकं, दांडे, साखळी, सगळं आपापल्या खणात. कुठं तेलाचा डाग नाही, कुठं कानशीची रेघ नाही. लातूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इतकी स्वच्छ वस्तू मामांनी आजवर पाहिली नव्हती.

श्रीमंत हे मामांचं नाव; ते तिथले टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. पोरं दरवर्षी स्पर्धेसाठी रोबोट बांधत. हातभर उंचीची गाडी, तिला लोखंडाचा एक हात, त्यानं चेंडू उचलून टोपलीत टाकायचे. मोटर फिरते वाऱ्यासारखी, पण चाकाला वारा चालत नाही, त्याला जोर लागतो. तो जोर द्यायचा गिअरनं. आणि ते गिअर आजवर मामांच्या मशीनवर निघत. पोरं कागदावर चित्र आणत, मामा चष्मा कपाळावर सारून बघत आणि म्हणत, “बसा. च्या घ्या. व्हतंय.” गिअर होईपर्यंत पोरं तिथंच बसत. कुणाचं पेपरचं दुखणं, कुणाच्या घरचं, सगळं त्या मशीनच्या घरघरीत बोलून होई.

यंदा नियम बदलला होता. चाल देणारे भाग तयार आणले तरी चालतील, असं स्पर्धावाल्यांनी कळवलं होतं. पोरांनी मागवले.

“कसंय, मामा?” मल्लेशनं विचारलं. हा देगलूरचा, गाडीची जोडाजोड त्याच्याकडं.

“ब्येस हाय,” मामा म्हणाले. “लई ब्येस हाय.”

आणि ते खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. गेल्या साली मामांनी काढलेल्या गिअरचा दात ऐन फेरीत तुटला होता. मशीन म्हातारं, त्याच्या सांध्यात ढिलाई आलेली, दात एकसारखे उतरले नव्हते. गाडी मैदानाच्या मधोमध बसली, खुरात काटा मोडलेल्या बैलासारखी. सृष्टी तेव्हा रडली होती आणि रडता रडता म्हणाली होती, “मामा, तुमची चूक न्हाई ओ.” पोरीनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा मामांचं नोकरीतलं शेवटचं साल. पोरांबरोबर स्पर्धेला ते दरसाल जात, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. पण पिशवी न्यायची ती गिअर अडून बसले तर सोडवायला. आता जे अडणारच नाही, त्याच्यासाठी म्हाताऱ्याला कोण नेतंय? हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि “न्हाई” आलं तर ते ठेवायचं कुठं?

घरी आले तर बायको केवळाबाई धाकट्या लेकीला, आरतीला, पुढ्यात घेऊन तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. आरतीचं लग्न पुढच्या महिन्यात. भिंतीशी पिशव्या मांडलेल्या: गव्हले, मालत्या, नखुल्या. कणकेचं हातानं वळायचं लग्नाचं सगळं वळवट, पारदर्शक पिशवीत, वर बचत गटाची चिठ्ठी.

“इकत आणलं?” मामा उंबऱ्यातच थांबले.

“आणलं की.”

“थोरलीच्या लग्नात तू घरी वळलं व्हतंस. सारी गल्ली बघाया आलती.”

“आलती. अन् म्या पंधरा दिस खाली मान घालून वळत बसले. पोरगी नांदाया गेली तवा ध्यानात आलं, तिच्यासंगं बोलायचंच ऱ्हाऊन गेलं.”

मामा खाटेवर टेकले. “मग आता ह्या रुखवतात तुझा हात कुठंय?”

केवळाबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. “हात? माझा हात पोरीच्या डोक्यावर हाय की. तेल लावून राहिले, दिसंना का तुमाला?”

आरती डोळे मिटून होती. मिटल्या डोळ्यांनीच हसली. मामांना बायकोचं पटलं होतं, पण पटलेली गोष्ट पचायला वेळ लागतो.

पुढचे दिवस वर्कशॉप मोकळंमोकळं गेलं. पोरं यायची, पण पलीकडच्या खोलीत. तिथून हसण्याचे आवाज येत. एकदा मामांनी खिडकीतून डोकावलं. गाडी फरशीवरून निघाली होती, तळ्यावरून बदक जावं तशी, बिनआवाज. गिअर बनायची वाट बघण्यात जे दिवस जायचे, ते दिवस पोरं आता गाडी चालवायला शिकत होती. सृष्टीच्या हातात रिमोट होता. गाडीनं चेंडू उचलला, वळली, टोपलीत टाकला. शिवम, जो गाडीचा प्रोग्रॅम लिहायचा, तो बाकावर चढून नाचला. मामांना हसू आलं. खिडकीच्या अलीकडचं हसू, पलीकडं कुणाला दिसलं नाही.

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं जेवायला गेलेली. गाडी मामांच्या टेबलावर होती. मृत्युंजय सर, पोरांचे मार्गदर्शक, सकाळी येऊन क्रूझर जीप ठरल्याचं सांगून गेले होते. पोरांना सांगितलं होतं. मामा तिथंच उभे होते, त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मामा गाडीपाशी आले. उद्या ही जाणार. आपल्या बोटाचा एक ठसाही अंगावर नसलेली.

आणि त्यांना रेणापूरचं घर आठवलं. बाप देवीच्या जत्रेला बैलगाडी जुंपायचा, तेव्हा आधी चाकं उतरवून आसाला ओंगण द्यायचा. काळं, दाट वंगण, नळकांड्यातलं. गाडी नवी असो की जुनी, शेजाऱ्याची असो की सोयऱ्याची, ओंगण दिल्याशिवाय शिवेबाहेर काढायची नाही. आई दारात उभी राहून गुणगुणायची:

*दूर गावाच्या वाटंला, चाकां ओंगण घाल बाई,*
*बंधवाची माझ्या गाडी वाटंत रडू न्हाई.*

ओंगण न घातलेलं चाक करकरतं, त्याला आई रडणं म्हणायची.

मामांनी फळीवरून ग्रीसचा डबा काढला. पिवळं, दाट, म्हाताऱ्या मशीनला घालायचं. डाव्या गिअरबॉक्सचे बारके स्क्रू सोडवले, झाकण उघडलं आणि बोटानं ग्रीस भरलं, बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसं हलकं, पण भरपूर. झाकण लावलं. स्क्रू आवळले. उजव्या बाजूला वळले, तोच दारातून हाक आली.

“मामा, हितंच हाय का? सारं कॉलेज धुंडून आले.”

सृष्टी. मामांनी डबा पाठीमागं धरला.

“उद्या फाटंचं गेटवर या. क्रूझरमधली म्होरची शीट तुमची.”

“म्या?” मामांनी डबा आणखी मागं दडवला. “म्या कशाला गं? आता माझं काय काम तिथं?”

सृष्टीला प्रश्नच कळला नाही. “काम असलं तरच येत असत्यात व्हय माणसं? कायतरीच तुमचं! स्वेटर घ्या, थंडी लई हाय.”

ती गेली. मामांनी डबा फळीवर ठेवला, हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. आणि घरी जाऊन केवळाबाईंना कधी सांगतो असं झालं त्यांना. त्या आनंदात उजवं चाक राहून गेलं ते राहूनच गेलं.

नांदेडच्या हॉलमध्ये जिल्ह्याजिल्ह्याची पोरं जमलेली. खऱ्या फेरीआधी सरावाला थोडा वेळ मिळत होता. सृष्टीनं रिमोट घेतला. गाडी सरळ निघाली आणि हळूहळू डावीकडं वळायला लागली. ओढाळ गाय रानाकडं ओढ घेते, तशी. पुन्हा सरळ केली, पुन्हा डावीकडं.

“काल तर नीट व्हती!” शिवम म्हणाला. “थांब, प्रोग्रॅममधी डाव्या मोटारीला जादा ताकद देतो.”

दिली. गाडी जरा सरळ झाली, पण डावी मोटर तापली. मल्लेशनं हात लावला आणि चटकन काढला.

“अय्यो! भाजलं की. जळंल ही.” तो खाली बसला आणि चिडून म्हणाला, “म्या म्हणलो न्हवतो? तयार माल असलाच. वरून पालिश, आतून पोकळ. मामांचे गिअर बरे व्हते. निदान आपलं मानूस तरी होतं सांगाया.”

“हाव ना,” शिवम म्हणाला. “मामांचेच बरे व्हते.”

इतके दिवस मामा ज्याला भुकेले होते, तेच बोल. पोरांच्या तोंडून, सगळ्यांदेखत. न मागता मिळालेले. मामा खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिशवी. नुसतं गप्प राहायचं होतं. एवढं गप्प राहणं माणसाला अवघड नसतं. पण सृष्टीनं गरम मोटरीवर आपल्या ओढणीनं वारा घालायला सुरुवात केली, तापल्या लेकराला घालावा तसा, आणि मामा उठले.

“त्या मालाला नाव ठेवू नगा रं. माल चांगला हाय.” त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली. “ओंगण म्या दिलंय. काल दुपारी. डाव्या बाजूत ग्रीस भरलंय, मशीनचं. थंडीनं घट्ट झालं आसंल.”

सृष्टीची ओढणी हातातच थांबली.

“श्रीमंत,” मृत्युंजय सर हळूच म्हणाले, “इचारायचं तरी व्हतं ओ.”

“चुकलं, साहेब.”

मल्लेशनं डोक्याला हात लावला. “मामा! हिला बैलगाडी समजलाव का?”

“हाव,” मामा म्हणाले. “समजलो खरं.”

सृष्टी अजून गुडघ्यांवरच होती. तिनं वर बघून विचारलं, “दोन्हीकडं दिलं?”

“न्हाई. उजवं ऱ्हायलं. देणारच व्हतो, तेवढ्यात तू बलवाया आलीस. मग… मग ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.”

सृष्टीनं ओढणी खांद्यावर टाकली. काल दारात तिला न कळलेला प्रश्न तिला आत्ता कळला असावा. मग ती म्हणाली, “मंग मी आले ते बरंच झालं म्हणायचं. न्हाईतर दोन्ही बाजू बसल्या असत्या!”

शिवम फस्सकन हसला. मल्लेशलाही मग राहवलं नाही. “सरे, सरे,” तो आपल्या देगलूरच्या बोलीत बरं बरं म्हणत उठला, “उचला गाडी. बाहेर घ्या.”

बाहेर लिंबाखाली बसले सगळे. क्रूझरच्या ड्रायव्हरकडून चहाच्या पेल्यात थोडं डिझेल आणलं. मामांनी स्क्रू सोडायला घेतले, पण पेचकस खाचेतून निसटत होता. सृष्टीनं पेचकस आपल्या हातात घेतला आणि झाकण उघडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. “तुम्ही धुवा. मी खोलते.”

मामांनी एकेक गिअर डिझेलमध्ये धुतला, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला. आणि पुसता पुसता थांबले. काल घाईत भरताना त्यांनी नीट बघितलंच नव्हतं. गिअर उन्हात धरला. दात एकसारखे, भरल्या कणसाच्या दाण्यांसारखे. एक झाकावा आणि एक दाखवावा असं काही नाही.

“पोरी, ज्यानं कुनी हे केलंय ना,” ते म्हणाले, “त्याचा हात चांगला हाय बग. लई जीव लावून केलंय.”

“यंत्रावर करत्यात, मामा.”

“म्या बी यंत्रावरच करतो की. यंत्रामागं कुनीतरी उभं असतंयच.”

सृष्टीनं पेटीसोबत आलेलं पातळ तेल काढलं. मामांनी बाटली हातात न घेता तिच्याकडं बघितलं. “किती घालायचं, सांग.”

“थेंब-दोन थेंब. दातावर.”

त्यांनी तेवढंच घातलं. झाकण लागलं. चाक हातानं फिरवलं, फिरतच राहिलं.

आत नावाचा पुकारा झाला. शिवम आणि मल्लेश गाडी उचलून निघाले. “थांबा रं,” सृष्टी म्हणाली. फडक्यावर पुसून काढलेलं पिवळं ग्रीस पडलं होतं. तिनं त्यातलं करंगळीच्या टोकावर घेतलं आणि गाडीच्या डाव्या अंगाला, चाकापासून दूर, चौकटीवर एक ठिपका लावला. बाळाला घराबाहेर काढताना गालावर तीट लावतात, तेवढाच.

“आता चला.”

ती फेरी त्यांनी जिंकली, नंतरची हरली, अर्धापूरची केळी खात हरल्याचं बोलत लातूरला परतले. ते सगळं मागाहून. आत्ता फक्त शिट्टी वाजली होती. कठड्याशी गर्दीत मामा हात पाठीशी धरून उभे होते. गाडी निघाली. कुठं वळली नाही, कुठं रडली नाही. लांब गेली तशी लहान लहान होत गेली, आणि मग त्या सगळ्या पोलादात मामांना तो पिवळा ठिपका तेवढा दिसत राहिला.

त्यांनी पाठीशी धरलेला हात सोडला आणि कठड्यावर ठेवला.