ती चाल मी आधी ऐकली होती

मी माइक. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. आज मात्र तोंड उघडतोय. परवाच एक पाहुणे माझ्यासमोर उभं राहून सोबतच्यांना सांगत होते, की जगाच्या गाण्यांवर सगळ्यात मोठी छाप आपल्याच शहराची. पुरावा म्हणून त्यांनी आमचं ते एकच गाणं गुणगुणून दाखवलं. ते ऐकलं आणि मला राहवेना.

आधी माझी ओळख. माझ्या पोटात दोन लोहचुंबक आहेत आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी, केसाहूनही पातळ. कारखान्यात ही पट्टी बसवणारी बाई आधी खिडक्या लावून घ्यायची, मग श्वास रोखायची. तिच्या नुसत्या फुंकरीनं पट्टी फाटली असती. काम झालं की ती तोंड फिरवून हुश्श करायची. मी जगात पहिला आवाज ऐकला तो एका दमलेल्या बाईचा सुस्कारा.

माझी एक खोड आहे. मला पुढून आणि मागून अगदी सारखं ऐकू येतं, कुशीकडून मात्र मी ठार बहिरा. त्यामुळे मुख्य गायक पुढून गाणार आणि कोरसच्या बायका मागून, अशी रीत पडली. पुढच्याचा फोटो निघतो, मागचीला कुणी ओळखत नाही. मला विचाराल, तर मला त्या दोघांत कधी फरक कळलाच नाही.

आमचा स्टुडिओ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली मोठं यंत्र सुरू झालं, की वर जमीन थरथरायची आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. तिथले रेकॉर्डिस्ट म्हणजे हळूमास्तर. खुर्ची सरकवली की ‘हळू’, कागद उलटला की ‘हळू’, कुणी शिंकायच्या बेतात दिसलं तरी ‘हळू’! म्हणून हे नाव. सज्जन माणूस. मला रोज मऊ फडक्यानं पुसायचे आणि टोपडं घालूनच घरी जायचे.

कोरसमध्ये चार बायका होत्या. त्यांतल्या एकीचा आवाज इतका मोठा, की मास्तर तिला सारखे सांगायचे, “ताई, अजून एक पाऊल मागं.” शेवटी ती भिंतीला टेकायची. सगळे तिला ‘मागची’च म्हणू लागले. ती हसून घ्यायची. “मागून गायलं तरी पोचतं ना, मग झालं,” म्हणायची.

एका दुपारी खालचं यंत्र सुरू झालं. बाकीचे सगळे चहाला उतरले. मागची डबा उघडून तिथंच बसली. खाऊन झालं, यंत्रही थांबलं, आणि भांडं पुसता पुसता ती गुणगुणू लागली. मास्तर काचेपलीकडे रेकॉर्डिंगचं यंत्र तपासत होते, टेप फिरत होती. त्यांनी ती बंद केली नाही.

‘पाळी सरली, हात धुवा गं, वाट घराची लांब;
कुणाच्या चपला दारी उरल्या, कुणीतरी जरा थांब.’

पहिली ओळ वर चढत जायची, पायऱ्या चढाव्यात तशी. दुसरी हळूहळू उतरायची आणि ‘थांब’वर येऊन खरंच थांबायची. मी तोवर शेकडो गाणी ऐकली होती, पण असं थांबणं ऐकलं नव्हतं.

दारात संगीतकार उभे होते. कधी आले, तिला कळलंच नाही.

“कुठली गं ही चाल?”

ती दचकली. “आईची. बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर जाते ती. फिरत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून बाटल्या तपासतात ना, तेव्हा गातात सगळ्या जणी.”

“पुन्हा म्हण पाहू.”

तिनं सगळं गाऊन दाखवलं. कुणीतरी मोठ्या माणसानं ऐकायला मागितलं, याचाच तिला केवढा आनंद! संगीतकार म्हणाले, “छान आहे. शेवट जरा रडका आहे.”

पंधरा दिवसांनी माझ्यासमोर त्या काळची सगळ्यात नावाजलेली गायिका उभी होती. मागून तीनच बायका. मागचीला त्या दिवशी बोलावणं नव्हतं. वाद्यं सुरू झाली आणि पहिली ओळ पायऱ्या चढू लागली. शब्द नवे होते, आमच्या शहराच्या दिव्यांचे, रस्त्यांचे, स्वप्नांचे. उतरणारी ओळ काढूनच टाकली होती. मास्तरांनीही चाल ओळखली. काचेपलीकडून त्यांनी मागचीच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

सगळे गेल्यावर संगीतकारांनी विचारलं, “मास्तर, त्या दुपारची टेप आहे का हो?”

“आहे.”

“कशाला अडगळ ठेवायची? पुसून टाका.”

मास्तर नाही म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत दुसरा कुणी बसला असता. घरी दोन लहान मुली होत्या. त्यांनी टेप मागं फिरवली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. माझ्यासमोर कुणी नव्हतं. त्या रिकाम्या खोलीची शांतता मी ऐकली आणि ती शांतता तिच्या आवाजावर चढत गेली. पुसणारा हात मास्तरांचा, पण हत्यार मी होतो.

गाणं तुफान चाललं. देशोदेशी गेलं, परक्या भाषांत गेलं. आमचं शहर ‘गाण्यांचं शहर’ झालं ते तेव्हापासून.

एके दिवशी मागची आली. कोरसला नव्हे, एकटीच. दारातच उभी राहिली.

“मास्तर, ती टेप एकदा द्याल? आई म्हणते, मी तिचं गाणं विकलं. तिला ऐकवायचंय, की मी नुसतं गुणगुणत होते म्हणून.”

मास्तर वायरींची गुंडाळी करत होते. मान वर न करता म्हणाले, “कुठली टेप?”

 “असू द्या,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिचं पाऊल न् पाऊल मला ऐकू आलं. मास्तरांची ती गुंडाळी काही केल्या नीट होईना.

त्यानंतर त्यांचं ‘हळू’ कमी झालं. रेडिओवर ते गाणं लागलं, की काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. मला पुसताना मात्र हात तसाच मऊ. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

तीस वर्षं गेली. संगीतकार वारले, छापखाना बंद पडला. आमच्या स्टुडिओत रेडिओवाल्यांनी चर्चेचा एक कार्यक्रम ठेवला, थेट प्रसारित होणारा. विषय तोच: जगाच्या गाण्यांवर सर्वांत मोठा प्रभाव कुठल्या शहराचा? एक प्राध्यापक आले, एक वर्तमानपत्रात लिहिणारे आले, आणि ‘त्या गाण्याचे रेकॉर्डिस्ट’ म्हणून अजूनही तिथंच काम करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनाही खुर्ची मिळाली.

लिहिणारे म्हणाले, “बंदरांची शहरं. गाणी बोटीतून उतरतात.” प्राध्यापकांनी मान हलवली. “उतरतील, पण मोठी होतात ती इथं. आपलंच गाणं घ्या. ही चाल या शहराच्या हवेतच होती.”

“हवेत नव्हती,” मास्तर म्हणाले. “एका बाईच्या तोंडात होती.”

निवेदिका हसली. “मास्तर थट्टा करतायत.”

“नाही बाई. कोरसमध्ये गायची ती. तिच्या आईचं गाणं होतं ते, बाटल्यांच्या कारखान्यातलं. आम्ही ते घेतलं आणि तिला विचारलंही नाही.”

“याला पुरावा काय?” प्राध्यापकांनी विचारलं.

“होता. मी पुसला. याच खोलीत, याच माइकनं.”

निवेदिकेनं घाईघाईनं कार्यक्रम आटोपता घेतला. 

संगीतकारांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी तरातरा आला. “बाबा उत्तर द्यायला नाहीत, म्हणून चिखल उडवता?”

“चिखल माझ्याच अंगावर आहे, बाळा,” मास्तर म्हणाले. “सांगितलं त्यांनी. बटण मी दाबलं.”

नवव्या दिवशी मागची आली. केस पांढरे, सोबत कमावती लेक. मास्तर उठून उभे राहिले. लेकीनं खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

“रेडिओ ऐकला मी,” ती म्हणाली. “खरं बोललात. पण आईला जाऊन वीस वर्षं झाली. त्या गाण्यानंतर ती घरात कधी गायली नाही. कारखान्यातल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्यांनाही वाटलं लेकीनं गाणं विकलं. जाईपर्यंत तिला तेच वाटत होतं.”

 मास्तर हात जोडून म्हणाले, “माफी मागायचंही तोंड नाही मला.”

“मागू नका. मला देता यायची नाही.” ती माझ्याकडे वळली. “हा चालतो का अजून?”

“चालतो.”

“मग लावा. हिला पूर्ण गाणं यायला हवं.”

ती गायली. आवाज कापरा झाला होता, मधेच दम लागत होता. पण पहिली ओळ चढली, दुसरी उतरली, आणि पुढची कडवीही आली, जी मी कधी ऐकलीच नव्हती: आगीत भाजलेल्या हातांचं, धाकटीला पाठीशी बांधून पाळीवर येणारीचं. लेक तोंडावर हात धरून ऐकत होती. मास्तर काचेपलीकडे न बसता दारात उभे होते.

टेप डब्यात घातली. वर लिहायला मास्तरांनी पेन काढलं. डब्यावर एक ओळ असते: गाणं कुठलं.

“गाव कुठलं लिहू? तुमच्या आईचं?”

“तिचं कशाला? तिला पट्ट्यापाशी शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईनं शिकवलं होतं. ती कुठून तरी पाण्यापलीकडून आलेली. तिला कुणी शिकवलं, कोण जाणे.” तिनं जरा विचार केला. “लिहा, आईकडून.”

मास्तरांनी तेवढंच लिहिलं.

त्याला बरीच वर्षं झाली. मास्तरही गेले. मी आता एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे आणि माझ्यापुढच्या पाटीवर शहराचंच नाव आहे. पाटी बदलावी म्हणून लेकीनं दोनदा अर्ज दिला. विचार चालू आहे, म्हणतात. माझी पट्टी सैलावली आहे. माणसांचं बोलणं मला लांबून आल्यासारखं ऐकू येतं.

शहराचं कौतुक खुशाल करा, माझी ना नाही. पण तुमच्या घरात कुणी भांडी पुसताना, कपडे वाळत घालताना काही गुणगुणत असेल, तर मधे बोलू नका. शेवटची ओळ होऊ द्या. मग विचारा, कुणाकडून शिकलीस? आणि जे नाव सांगेल ते लिहून ठेवा. मला नुसतं ऐकता आलं. तुम्हाला लिहिता येतं.